अडकलेले दार, लांबलेली दुरुस्ती

सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग ज्या ठिकाणी गोदावरी ओलांडतो, तेथे नदीच्या उत्तर काठावर जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील शहागड वसलेले असून, पूल ओलांडताच बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका सुरू होतो. पूर्वी २११ आणि आता ५२ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्यावरील गावांमध्ये चारचाकी वाहन ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. दवाखाना, बाजार समिती, तहसील, महाविद्यालय आणि साखर कारखाना या सर्वांशी असलेला दैनंदिन संबंध तिच्यावर अवलंबून असतो. अशा ठिकाणी गाडीचे इंजिन किंवा टायर बिघडले, तर दुरुस्ती करणारा कारागीर सहसा जवळपास सापडतो. परंतु दाराचे कुलूप बिघडले, म्हणजे दार उघडेना, लागेना किंवा रिमोटला दाद देईना, तर तुलनेने किरकोळ वाटणारी ही तक्रार आठवडेच्या आठवडे रेंगाळते आणि मालकाला जिल्ह्याच्या शहरातील सेवा केंद्राच्या फेऱ्या मारायला लावते.

या त्रासाचे मूळ केवळ यंत्रात शोधल्यास अर्धेच उत्तर हाती लागते. कुलूप बिघडण्याची कारणे बहुधा साधी, ओळखता येण्याजोगी आणि अनेकदा स्वस्तात दूर करता येण्याजोगी असतात. मात्र सुटे भाग कोणत्या स्वरूपात विकले जातात, दोष शोधण्याची साधने कोणाच्या हाती असतात आणि दुरुस्तीची नोंद कशी ठेवली जाते, या तीन गोष्टींमुळे लहान दोषाचे मोठे प्रकरण बनते.

सुरक्षेचा भाग म्हणून कुलूप

मोटारीच्या दारातील कुलूप हे चोरीला आळा घालणारे साधन म्हणून परिचित असले, तरी वाहनशास्त्राच्या दृष्टीने त्याचे पहिले काम अपघातात दार बंद ठेवणे हे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मोटारींच्या कुलपांची रचना अशी असे, की अपघाताच्या धक्क्याने दाराची चौकट जराशी ताणली गेली तरी कुलूप खाचेतून सुटून दार उघडे. १९५० च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात अपघातांतील इजांवर झालेल्या संशोधनातून, वाहनाबाहेर फेकल्या गेलेल्या प्रवाशाच्या मृत्यूची शक्यता आत राहिलेल्या प्रवाशापेक्षा कितीतरी अधिक असते, हे स्पष्ट झाले आणि १९५६ च्या सुमारास तेथील कंपन्यांनी धक्क्यातही न सुटणारी कुलुपे बसवण्यास प्रारंभ केला. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत कुलुपे व बिजागऱ्या यांसाठी सक्तीचे मानक लागू झाले. त्यानुसार पूर्णपणे लागलेल्या कुलपाने वाहनाच्या लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ११२० किलो वजनाइतकी ओढ सहन करणे आवश्यक ठरले. पुढे १९९८ च्या आंतरराष्ट्रीय कराराखाली संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने वाहनांसाठी जागतिक तांत्रिक नियम तयार होऊ लागले, तेव्हा नोव्हेंबर २००४ मध्ये संमत झालेला पहिल्या क्रमांकाचा नियम दारांची कुलुपे आणि दार धरून ठेवणारे भाग यांविषयीचाच होता. भारत २००६ पासून या कराराचा सदस्य आहे.

कुलपाची रचना समजण्यास अवघड नाही. दाराच्या मागच्या कडेला, पत्र्याच्या आत बसवलेल्या पेटीवजा भागाला गॅरेजमध्ये ‘लॉक’ किंवा ‘लॅच’ म्हणतात आणि त्याच्यासमोर गाडीच्या खांबावर पोलादी कडी असते, जिला ‘स्ट्रायकर’ असे नाव आहे. दार ओढून घेतले की लॅचमधील फिरता पंजा या कडीभोवती वळतो आणि स्प्रिंगच्या जोरावर एक खिटी पंजाच्या दात्यात अडकून त्याला परत फिरू देत नाही. पंजाला असे दोन दाते असतात, त्यामुळे दार पहिल्या दात्यावर अर्धवट किंवा दुसऱ्या दात्यावर पूर्ण बसते. अर्धवट बसलेले दार उघडून पडत नसले, तरी मानकानुसार त्याची सहनशक्ती पूर्ण बसलेल्या दाराच्या निम्म्याहून कमी, म्हणजे ४,४५० न्यूटन इतकीच अपेक्षित असते. हँडल ओढल्यावर सळई किंवा केबल ही खिटी बाजूला सारते, आणि कुलूप लावणे म्हणजे प्रत्यक्षात हँडल व खिटी यांतील दुवा तात्पुरता तोडणे होय.

या यांत्रिक रचनेवर विजेचा थर नंतर चढला. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९५६ मध्ये विजेवर चालणारी कुलुपे आपल्या गाड्यांत दिली आणि १९८२ मध्ये फ्रान्सच्या रेनो फुएगो या गाडीतून दुरून चालणारे रिमोट बाजारात आले. आज ‘सेंट्रल लॉक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत प्रत्येक दारात १२ व्होल्टवर चालणारी छोटी मोटर असते, जिला तांत्रिक भाषेत ॲक्च्युएटर म्हणतात. विजेची दिशा एक असेल तर ती कुलूप लावते आणि दिशा उलटली की उघडते. चालकाच्या दारातील बटण किंवा रिमोटचा संदेश ‘बॉडी कंट्रोल मॉड्यूल’ या नियंत्रक पेटीकडे जातो आणि ती पेटी सर्व दारांना एकाच वेळी वीज सोडते. रिमोट दर वेळी निराळा संकेतांक पाठवतो, ज्यामुळे कोणी संदेश चोरून साठवला तरी तो पुन्हा वापरता येत नाही.

दोष कोठे निर्माण होतो

अंबड–गेवराई पट्ट्यातील हवामान आणि रस्ते कुलपाच्या दृष्टीने प्रतिकूल आहेत. ऊस गळिताच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उडवलेली धूळ, शिवाररस्त्यांवरील काळी माती आणि चाळीस अंशांच्या पुढे जाणारा उन्हाळा यांचा परिणाम लॅचमधील ग्रीसवर होतो. ते प्रथम धूळ धरून घट्ट होते, नंतर वाळते आणि पंजा किंवा खिटी आपल्या जागी परतण्यास वेळ लावू लागते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे मातीने बुजली, तर काचेच्या रबरातून आत झिरपलेले पावसाचे पाणी दारातच साठते. आतल्या बाजूला पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही, परंतु स्पीकर बसवताना किंवा काचेचे काम करताना तो फाडला गेल्याची उदाहरणे दुरुस्तीत सर्रास आढळतात, आणि मग ओलावा विजेच्या जोडण्यांपर्यंत पोचतो.

विजेच्या दोषांपैकी सर्वांत फसवा दोष तारांचा असतो. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये नळीसारखे रबर असते व त्यातून दाराकडे जाणाऱ्या सर्व तारा जातात. दार हजारो वेळा उघडझाप झाल्याने आतील तांब्याचे तंतू तुटतात, वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. परिणामी दार विशिष्ट कोनात असतानाच कुलूप चालते, काच मध्येच थांबते किंवा स्पीकर बंद पडतो, आणि मूळ तार न तपासता मोटर बदलली गेली, तर खर्च होऊनही तक्रार कायम राहते. दार उघडे आहे की बंद, हे सांगणारा सूक्ष्म स्विच लॅचच्या पेटीतच असल्याने तो बिघडला की दार बंद असूनही डॅशबोर्डवरचा दिवा लागलेला राहतो, आतला दिवा विझत नाही आणि रात्रभरात बॅटरी उतरते. मालकाला तक्रार बॅटरीची वाटते, दोष मात्र दारात असतो.

म्हणूनच दुरुस्तीपूर्वी लक्षणांचा क्रम लावणे महत्त्वाचे ठरते. चारही दारे एकदम बंद पडली असतील, तर फ्यूज, बॅटरी किंवा नियंत्रक पेटीचा संशय घ्यावा. एकच दार चालत नसेल, तर त्याच दारातील मोटर, तार किंवा सळई तपासावी. दारातील बटण चालते पण रिमोट चालत नाही असे असेल, तर प्रथम रिमोटमधील तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल बदलून पाहावा. मोटरचा आवाज येतो पण कुलूप हलत नाही, याचा अर्थ बहुधा प्लास्टिकची क्लिप तुटलेली किंवा मोटरमधील दातेरी चाक झिजलेले असते. दार लागतच नाही आणि आपटून परत येते, अशा वेळी अनेकदा पंजा दार उघडे असतानाच बंद स्थितीत वळलेला असतो. हँडल ओढून धरून तो स्क्रूड्रायव्हरने मागे सारला, की दार पुन्हा बसते. मागचे दार बाहेरून उघडते पण आतून उघडत नाही, ही तक्रार तर पुष्कळदा दोष नसून दाराच्या कडेवरील ‘चाइल्ड लॉक’चा खटका अनवधानाने सरकल्याचा परिणाम असतो.

कारखान्यातून आलेला दोष

सर्व बिघाड वापराने होत नाहीत. काही कारखान्यातूनच गाडीसोबत येतात. मार्च २०१५ मध्ये मारुती सुझुकीने अल्टो ८०० आणि अल्टो के-१० या दोन मॉडेलांच्या ३३,०९८ गाड्या परत तपासणीसाठी बोलावल्या, त्यांत १९,७८० अल्टो ८०० आणि १३,३१८ अल्टो के-१० होत्या. ८ डिसेंबर २०१४ ते १८ फेब्रुवारी २०१५ या काळात बनलेल्या या गाड्यांच्या उजव्या बाजूच्या दारांतील लॅचमध्ये दोष असण्याची शक्यता होती आणि त्यामुळे बंद केलेले दार आपोआप उघडण्याचा धोका संभवत होता. ग्रामीण महाराष्ट्रात पहिली गाडी म्हणून मोठ्या प्रमाणात घेतल्या जाणाऱ्या मॉडेलांबाबत ही घटना घडल्याने, लॅच हा सुरक्षेचा भाग असल्याची जाणीव सामान्य ग्राहकापर्यंत पोचण्यास ती उपयोगी ठरावी अशी होती.

उष्ण प्रदेशासाठी अमेरिकेतील २०१६ चे उदाहरण अधिक बोलके आहे. फोर्ड कंपनीच्या काही मॉडेलांमध्ये खिटीच्या स्प्रिंगला आधार देणारा लहानसा कान उष्णतेने तडकत असे आणि दार चालत्या गाडीत उघडू शके. कंपनीने ऑगस्टमध्ये प्रथम केवळ उष्ण राज्यांतील व मेक्सिकोतील सुमारे ८ लाख ३० हजार गाड्या परत बोलावल्या, मात्र पुढच्याच महिन्यात व्याप्ती वाढवून एकूण आकडा सुमारे २४ लाखांवर नेला. कारखान्याच्या चाचणीत टिकलेला भाग चाळीस अंशांच्या पुढील दीर्घ उन्हाळ्यात टिकेलच असे नाही, हा यातला धडा मराठवाड्यालाही लागू पडतो.

भारतात २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक आचारसंहिता अस्तित्वात होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून केंद्राला सक्तीने गाड्या परत बोलावण्याचा अधिकार मिळाला. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांतील, जीवितास अथवा पर्यावरणास धोकादायक असलेल्या दोषांना हा नियम लागू होतो आणि आदेश न पाळणाऱ्या उत्पादकाला दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुनी गाडी जेथे हातोहात विकली जाते, अशा भागात मात्र परत बोलावण्याची सूचना पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला तिचा थांगपत्ता लागत नाही. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने चॅसी क्रमांक देऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात चौकशी करणे आवश्यक ठरते.

मोठा भाग, छोटा दोष

मालकाच्या वैतागाचे सर्वांत मोठे कारण दोष आणि बिल यांतील विसंगती हे असते. बिघडलेला असतो पन्नास-शंभर रुपयांचा स्विच किंवा क्लिप, परंतु ती सुटी मिळत नसल्याने लॅच, मोटर आणि स्विच यांचा संपूर्ण संच बदलावा लागतो. नवीन संच किंवा नवीन रिमोट गाडीच्या नियंत्रक पेटीला ओळखवून द्यावा लागतो आणि त्यासाठी लागणारे स्कॅनर नावाचे संगणकीय उपकरण व त्याची आज्ञावली अधिकृत केंद्राकडेच असते. गावातील मिस्त्रीला दोष कळत असूनही हात लावता येत नाही आणि शहरातील केंद्राला दोष दूर करता येत असूनही भाग ‘ऑर्डर’ करून वाट पाहावी लागते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे आणि वाळूजचा वाहन उद्योग त्याहूनही जुना आहे. तरीही त्याच परिसरातील खेड्यातल्या मालकाला एखाद्या लॅचसाठी थांबावे लागते, याचे कारण उत्पादन कोठे होते याच्याशी नसून वितरण कोणाच्या ताब्यात आहे याच्याशी संबंधित आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या निकालात नेमके याच व्यवस्थेवर बोट ठेवले. २०११ मधील एका तक्रारीवरून सुरू झालेल्या चौकशीअंती आयोगाने १४ मोटार कंपन्यांना, सुटे भाग व दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात उपलब्ध न करून स्पर्धा रोखल्याबद्दल, एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुट्या भागांच्या किमतींवर १०० टक्क्यांपासून सुमारे ५,००० टक्क्यांपर्यंत वाढ लावली जात असल्याचे चौकशीत पुढे आले होते. कंपन्यांनी अपिले केली आणि दंडाच्या रकमेचा वाद लांबत गेला. परंतु या निकालातील एक निर्देश सामान्य मालकासाठी विशेष मोलाचा आहे. स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून संपूर्ण वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट कंपन्यांनी घालू नये, असे आयोगाने बजावले. चुकीच्या दुरुस्तीमुळे झालेल्या नुकसानीपुरती जबाबदारी कंपनी नाकारू शकते. दाराच्या कुलपाचे काम बाहेर केल्यामुळे गिअरबॉक्सची वॉरंटी मात्र बुडू नये, असा या निर्देशाचा आशय आहे.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे तिने निवडली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच वाहनांसाठी असा कायदा करून स्वतंत्र गॅरेजना दोषनिदानाची माहिती मिळण्याचा मार्ग खुला केला होता. भारतातील प्रयत्न अद्याप कंपन्यांनी स्वेच्छेने माहिती द्यावी या टप्प्यावर असून, तिचा उपयोग महामार्गावरच्या गॅरेजपर्यंत पोचण्यासाठी सुट्या क्लिपा, स्विच आणि मोटरी स्वतंत्रपणे विकण्याचे बंधन अधिक परिणामकारक ठरेल.

कागदाचे बळ

दुरुस्ती वारंवार फसली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आधार घेता येतो. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या या कायद्याने तक्रारदाराला, विक्रेता कोठेही असला तरी, स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली. त्यामुळे शहागडच्या मालकाला गाडी पुण्यात घेतलेली असली, तरी जालन्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्याआधी तडजोडीचा प्रयत्न करता येतो.

अपेक्षा मात्र वास्तववादी असाव्यात. मारुती उद्योगविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये, क्लचमधील दोषासाठी संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द करून सदोष भाग बदलणे व भरपाई देणे पुरेसे मानले. कुलपाच्या दोषावरून नवी गाडी मिळेल अशी आशा बाळगणे त्यामुळे व्यर्थ आहे. मिळू शकतो तो सदोष भागाचा बदल, झालेला खर्च आणि मनस्तापाची भरपाई, आणि त्यासाठी निर्णायक ठरते ते ‘जॉब कार्ड’, म्हणजे गाडी दुरुस्तीस देताना केंद्राने लिहून द्यायचे तक्रारपत्रक. ‘दार बघा’ असे तोंडी सांगून गाडी सोडणारा मालक चौथ्या फेरीनंतरही पहिलीच तक्रार घेऊन आलेला ठरतो. उलट ‘डावीकडचे मागचे दार आतून उघडत नाही, दुपारच्या उन्हात जास्त होते’ असे प्रत्येक वेळी लिहून घेणाऱ्याच्या हाती दोष दूर झाला नसल्याचा पुरावा जमा होतो. बदललेला जुना भाग परत मागणे, बिलावर भागाचा क्रमांक नोंदवून घेणे आणि चालू-बंद होणाऱ्या दोषाचे मोबाइलवर चित्रण करून ठेवणे, या सवयी खर्चाविना लावता येतात.

दार आतून न उघडणे हा प्रश्न पैशापुरता नाही. कडक उन्हात बंद गाडीतील तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २२ अंशांनी चढू शकते आणि त्यातील बहुतांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन लहान मुले उभ्या गाडीत अडकून मृत्युमुखी पडली. आतून न उघडणारे दार म्हणूनच ‘सवड मिळाली की करू’ या यादीत टाकता येत नाही. गाडी वापरात नसली तरी कुलूपबंद ठेवणे आणि किल्ली मुलांच्या हाती न देणे हे जितके आवश्यक, तितकेच प्रत्येक दार आतून उघडते की नाही हे महिन्यातून एकदा तपासणेही आवश्यक आहे.

गाड्यांची रचना ज्या दिशेने चालली आहे, ती पाहता हा प्रश्न वाढणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाहनसुरक्षा यंत्रणेने टेस्ला मॉडेल वाय या गाडीच्या सुमारे १ लाख ७४ हजार नगांची चौकशी सुरू केली, कारण बॅटरीचा विद्युतदाब घटल्यावर बाहेरची विद्युत हँडले चालेनाशी होऊन मुले आत अडकल्याच्या तक्रारी होत्या. विजेवरची हँडले आणि संकेतांकाने जोडलेले लॅच सामान्य किमतीच्या गाड्यांत उतरतील, तेव्हा मिस्त्रीच्या पान्यापेक्षा आज्ञावलीचा परवाना अधिक महत्त्वाचा ठरेल. वाहन विकताना कंपनी ते शहागडसारख्या गावात वापरले जाईल हे गृहीत धरते; त्याच गावात ते दुरुस्तही होऊ शकले पाहिजे, ही अट विक्रीच्या परवानगीशी जोडल्याशिवाय मालकाच्या फेऱ्या कमी होणार नाहीत.